उघडझापीचं कूळ

माघ-फाल्गुनात साग पानं टाकून मोकळा होतो. तेव्हा बल्लारपूरहून कोठारी-गोंडपिपरीच्या वाटेला लागलेल्या एस.टी.त उन्हाच्या बाजूची खिडकी मिळाली, की रोपवनाच्या पट्ट्यात चेहऱ्यावर ऊन-सावलीची उघडझाप सुरू होते. रोपवनात सागाची रोपं बहुधा दोन-दोन मीटरवर लावतात. मधली झाडं काढायची विरळणी अजून व्हायची असेल आणि गाडी ताशी ६० किलोमीटरनं चालली असेल, तर कडेची एकच ओळ धरली तरी सेकंदाला आठ उघडझापी होतात. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूतली अल्फा लहरही सेकंदाला आठ ते तेरा वेळाच हेलकावते. अर्ध्या तिकिटातला पोरगाही इथे नकळत मेंदूची तपासणी करून घेतो.

मिरगीच्या पेशंटचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढताना डोळ्यांपुढे लुकलुकता दिवा धरतात. त्या दिव्याच्या कुळात अशी ओळीतली झाडं आहेत.

मूळपुरुष म्हणायचा तर चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये. सूर्याकडे तोंड करून, डोळे मिटून त्यानं फाकलेली बोटं पापण्यांपुढून हलवली आणि त्याला बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी दिसल्या. हे त्यानं १८१९ मध्ये लिहून ठेवलं. पुढे शंभरावर वर्षं गेली, कारण डोळ्यांना काय दिसतं ते सांगता येत होतं, आत काय चाललंय ते नाही. ती सोय जर्मनीतल्या येना इथल्या हान्स बर्गरनं केली. माणसाच्या मेंदूच्या लहरींचा आलेख त्यानं १९२९ मध्ये छापला, तर कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तो खरा ठरवला. शिवाय लुकलुकता उजेड दाखवला की लहरी त्याच्या तालावर येतात, हेही त्यांनी दाखवलं.

ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टरनं १९४६ मध्ये विजेच्या चमकदिव्यानं हेच नेटानं केलं. ताल डोक्याच्या मागच्या, दृष्टीच्या भागापुरता राहत नाही, काहींच्या बाबतीत मेंदूचे लांबचे भागही त्यात ओढले जातात, असं त्याला आढळलं. संध्याकाळी झाडांच्या रांगेतून सायकलनं घरी जाताना क्षणभर शुद्ध हरपणाऱ्या माणसाची हकीकतही त्यानं नोंदवली. १९५८ च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये झाडांच्या रांगेतून मार्सेलला निघालेल्या बसमध्ये चित्रकार ब्रायन गायसिननं मावळतीकडे डोळे मिटले आणि त्याच्यापुढे रंगांचा पूर लोटला. त्यातून पुढे ग्रामोफोनच्या फिरत्या तबकडीवर खाचांचं नळकांडं आणि आत बल्ब, असं एक स्वप्नयंत्र तयार झालं. मला ते यंत्र शास्त्रापेक्षा हौसेचंच वाटतं.

गंमत अशी, की हे जंगलाचं देणं नाही. आलापल्लीच्या जुन्या रानात झाडं मन मानेल तशी उभी. तिथली सावलीही बेताल, मेंदूनं धरावं असं त्यात काही नसतं. ताल येतो तो माणसानं दोरी धरून लावलेल्या ओळींतून, मग त्या फ्रान्समधल्या असोत की वन विकास महामंडळाच्या.

ताल देणारं आणखी एक ठिकाण इथेच आहे. चंद्रपूरच्या ऊर्जानगरातली जनित्रं मिनिटाला ३,००० फेरे घेतात. त्यातून सेकंदाला ५० आवर्तनांची वीज येते आणि जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. एवढं भराभर डोळ्याला कळत नाही. ट्यूब म्हातारी होऊन फडफडू लागली, की मात्र डोकं दुखतं.

ईईजीच्या तपासणीत टेक्निशियन दिव्याचा वेग पायरीपायरीनं चढवतो आणि आलेखाकडे बघत राहतो. लहरी दिव्यामागे चालल्या, तर ते निरोगी मेंदूतही होतं. टोकदार, बेबंद लहरींचे झोत उठले, की दिवा तिथेच बंद. उजेडानं झटका येणाऱ्यांपैकी बहुतेकांना धोका सेकंदाला १५ ते २५ चमकांत असतो, म्हणजे एस.टी.तल्या उघडझापीच्या बराच वर. मिरगीच्या पेशंटांतही उजेडानं झटका येणारे थोडेच, त्यातही बरेचसे शाळकरी वयातले. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ ला पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा झगमगाट झाला, तेव्हा ६८५ मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं.

अलीकडे सेकंदाला ४० चमकांच्या उजेडाची चर्चा आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत त्यानं उंदरांच्या मेंदूतला अल्झायमरचा साका कमी झाल्याचं दिसलं. २०२३ मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळेनं पडताळा घेतला, तर तसं काही दिसलं नाही. तेव्हा बाजारात मिळणारे असले दिवे घ्यायची घाई नको.

मिरगी असलेलं मूल खिडकीशी बसलं असेल आणि उघडझापीनं बेचैन झालं, तर त्याला नुसतं डोळे मिट म्हणून भागत नाही, पापणीतून लाल उजेड आत येतोच. एका डोळ्यावर तळहात घट्ट धरायला सांगावं आणि त्याला पलीकडच्या, सावलीच्या सीटवर बसवावं.