पूर्वगर्भाक्षेप आणि आनुवंशिकता

गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर, पूर्वी रक्तदाब प्राकृत असलेल्या स्त्रीचा रक्तदाब १४०/९० मिमी. किंवा त्याहून अधिक होतो आणि बहुधा मूत्रातून प्रथिने जाऊ लागतात. या विकृतीस पूर्वगर्भाक्षेप म्हणतात. पुढे झटके येऊ लागल्यास त्या अवस्थेस गर्भाक्षेप ही संज्ञा असून तीत माता व गर्भ या दोघांच्याही जिवास धोका असतो. सामान्यतः वार पडून गेल्यावरच विकृती ओसरू लागते.

लंडन येथील गाय रुग्णालयातील जॉन लीव्हर यांनी १८४३ मध्ये झटके आलेल्या स्त्रियांच्या मूत्रात अल्ब्युमीन असल्याचे दाखविले. पुढे रक्तात भिनणारे एखादे विष यास कारण असावे, अशी समजूत रूढ होऊन ‘गर्भविषबाधा’ हे नाव पडले. तसे विष कधीच सापडले नाही. नाव मात्र दीर्घकाळ टिकले.

विकृती कुळात उतरते काय, याचा चिकाटीने शोध अमेरिकेतील लीअन चेस्ली यांनी घेतला. जर्सी सिटी येथील मार्गारेट हेग प्रसूति-रुग्णालयात १९३१–५१ या काळात गर्भाक्षेप झालेल्या स्त्रियांच्या मुली व नाती यांच्या बाळंतपणांची माहिती त्यांनी अनेक वर्षे जमविली. तुलनेसाठी त्यांनी त्याच स्त्रियांच्या सुना निवडल्या. ही योजना साधी पण मार्मिक होती. कारण सून त्याच घरातील असली, तरी सासूशी तिचे रक्ताचे नाते नसते. १९८६ मधील निष्कर्षांनुसार पहिल्या गरोदरपणात पूर्वगर्भाक्षेपाचे प्रमाण बहिणींत ३७%, मुलींत २६%, नातींत १६% व सुनांत केवळ ६% आढळले. यावरून मातेतील एकच जीन (आनुवंशिक घटक) यास जबाबदार असावा, असे चेस्ली यांनी सुचविले.

हे अनुमान टिकले नाही. नॉर्वेतील जन्मनोंदींच्या १९९८ मधील अभ्यासात असे दिसले की, एका स्त्रीच्या पूर्वगर्भाक्षेपी गरोदरपणातील अपत्याचा पिता असलेल्या पुरुषापासून दुसरी स्त्री गरोदर राहिल्यास तिलाही धोका सु. १·८ पट असतो. म्हणजे दोष केवळ माहेरच्या रक्तात शोधणे चूक होते. वार ही गर्भाच्या बाजूची असून तिच्या घडणीत पित्याचे जीनही असतात.

यामागील यंत्रणेचा धागा २००३ मध्ये बॉस्टन येथे हाती आला. या विकृतीत वारेतून एफएलटी–१ या प्रथिनाचा विद्राव्य प्रकार मातेच्या रक्तात अतिरिक्त प्रमाणात येतो. रक्तवाहिन्यांच्या आरोग्यास आवश्यक अशा वृद्धिघटकांना तो बांधून ठेवतो. गाभण उंदरांना तो दिला असता त्यांचा रक्तदाब वाढला व मूत्रात प्रथिने आली. या प्रथिनाचा जीन १३ व्या रंगसूत्रावर आहे. गर्भात या रंगसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असल्यास मातेस पूर्वगर्भाक्षेप अधिक वेळा होतो, हे आधीच नोंदले गेले होते. २०१७ मध्ये याच जीनालगतचा एक भेद अपत्यांच्या जीनसंचात धोक्याशी निगडित आढळला. मातेच्या बाजूने उच्च रक्तदाबाशी संबंधित जीनभेदांचा संबंध २०२० मध्ये पुढे आला.

अशा प्रत्येक भेदाचा परिणाम अल्प असल्याने केवळ जीन-तपासणीवरून भाकीत करता येत नाही. आई वा बहिणीस हा विकार झाला होता काय, ही विचारपूस, रक्तदाब व पूर्वीची बाळंतपणे यांवरूनच धोका ठरवितात. धोका अधिक असलेल्या स्त्रियांना वैद्यकीय सल्ल्याने साधारणतः १२ व्या ते १६ व्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची अल्प मात्रा देण्यात येते.