नाळ आणि वराम

१८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी नावेने पनवेल बंदरात उतरत असे. १८६३ मध्ये आगगाडी घाट चढली आणि बंदराचे वैभव ओसरले. परंतु उथळ, गाळाच्या खाडीत तांडेलाने कमावलेली तोलाची विद्या कालबाह्य झाली नाही.

१९०९ च्या सुमारास ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेत नावेच्या पाठीस अडकवायचे इंजिन विक्रीस आणले. त्याचा सारा भार वरामावर येतो. सपाट तळाची हलकी होडी वेग घेताच पाण्यावर उचलली जाऊन घसरत धावते. पण वराम जड असेल तर नाळ आभाळाकडे पाहते आणि तेल व्यर्थ जळते. अशा वेळी टाकी, नांगर, माणसे पुढे सरकवावीत. सुटताना इंजिनाचे खालचे टोक होडीकडे घ्यावे, धाव लागली की किंचित बाहेर सोडावे.

लूकच्या शुभवर्तमानात मासळी दोन नावांत भरूनही त्या बुडू लागल्या. देणगीचाही भार असतो! यंत्र विकत मिळते; तोल वडीलधाऱ्यांकडूनच शिकावा लागतो. आपल्या किनारी धर्मग्रामांतील वृद्ध तांडेलांचे बोल आपण वेळीच टिपून ठेवावेत, हीच आमची विनंती.