बाबांचा प्रश्न आणि टोमॅटोचं पान

दिवाळीत गावी गेलो होतो. टोमॅटोच्या वावरात उभे असताना बाबांनी एकदम विचारलं, "युरिया जास्त पडलेल्या सरीवरच अळी आधी का रे तुटून पडते?" चार वर्षं इंजिनिअरिंग केलेल्या मला उत्तर काही देता येईना. मग दोन वीकेंड वाचण्यात घालवले.

सोपा भाग आधी. किड्याच्या अंगात पानापेक्षा कितीतरी जास्त नायट्रोजन असतो. त्यामुळे खत खाल्लेलं लुसलुशीत पान म्हणजे त्याला पंगतच. पण झाड काही नुसतं ताट वाढून बसत नाही!

१९७२ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या ग्रीन आणि रायन यांनी बटाटा-टोमॅटोच्या रोपांबद्दल एक शोध प्रसिद्ध केला. कोलोरॅडो भुंगेऱ्यांनी पानं कुरतडली, की किड्याचं पचन अडवणारं एक प्रथिन जमिनीवरच्या सगळ्या रोपात भराभर साठतं. न कुरतडलेल्या पानांतसुद्धा! नुसती इजा केली तरी तेच. म्हणजे आतून निरोप जात होता. निरोप्या सापडायला मात्र १९९१ उजाडलं: सिस्टेमिन, जेमतेम १८ अमिनो आम्लांची साखळी.

बरं, मग खताचं काय? १९८३ मध्ये अलास्कातल्या ब्रायंट, चेपिन आणि क्लाइन यांनी तिथल्या झाडांचा आणि ती कुरतडणाऱ्या सशांसारख्या प्राण्यांचा हिशेब मांडला. नायट्रोजन कमी पडला की वाढ मंदावते आणि शिल्लक कार्बन राळ, टॅनिन असल्या बेचव द्रव्यांत जातो. खत घातलं की उलट: वाढ जोरात, बचाव पातळ. वा! बाबांचं उत्तर एका ओळीत. मी तर फोनसुद्धा उचलला होता.

नशीब, पुढे वाचलं. प्रयोगांचे निकाल कधी जुळले, कधी नाही. २००१ मध्ये हॅमिल्टन आणि सहकाऱ्यांनी या सिद्धांतावर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'उदय आणि अस्त' होता. मला विचाराल तर रायनच्या टोमॅटोतच धोक्याची सूचना होती. तिथला बचाव म्हणजे उरलासुरला माल नव्हे, इजा झाल्यावर मुद्दाम बनवलेली गोष्ट. आणि ती प्रथिनाची, म्हणजे तिलाही नायट्रोजन लागतोच की!

बाबांना हे सगळं सांगितलं. "म्हणजे नक्की नाही," ते म्हणाले. या खेपेला त्यांनी दोन सऱ्यांना युरिया निम्माच दिलाय. अळ्या मोजायचं काम माझ्याकडे.