धाव आणि टायर

गावचा लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवतो, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. धाव चाकापेक्षा मुद्दामच थोडी आखूड केलेली असते. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल झाली की वाढते. मग चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचे. चर्रर्र आवाज होतो, धाव आकसते आणि लाकडाला घट्ट धरून ठेवते.

आता सायकलचा टायर घ्या. त्याच्या दोन्ही कडांत पोलादी तारेचे कडे असते. रिमच्या काठाहून ते लहान, म्हणजे धावेसारखेच. पण टायर काही जाळात धरता येत नाही आणि तार ओढून लांबत नाही. मग तो चाकावर चढतो तरी कसा?

याची हकिकत मोठी गमतीची आहे. १८८८ साली बेलफास्ट शहरी जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तिचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली. अशा चाकाचे पेटंट रॉबर्ट थॉमसन याने १८४५ सालीच घेतले होते. डनलॉपला त्याचा पत्ता नव्हता. पुढल्याच वर्षी विल्यम ह्यूम हा गडी या टायरांवर बेलफास्टला शर्यती जिंकला, आणि हवेच्या टायराचे नाव झाले.

पण काटा रुतला की मोठी पंचाईत! टायर कापडाने गुंडाळून चाकाला चिकटवलेला असे. सारे उकलायचे, भोक बुजवायचे, पुन्हा चिकटवून वाळत ठेवायचे. म्हणून फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर तयार केला. १८९१ साली पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँ याने त्याच टायरांवर जिंकली.

आपल्या आजच्या टायराची युक्ती मात्र १८९० सालची, चार्ल्स किंग्स्टन वेल्च या इंग्रज गृहस्थाची. त्याने टायराच्या कडेत न ताणणारी तार घातली आणि रिमच्या मध्यभागी खोलगट नाली ठेवली. तारेचे कडे एका बाजूला नालीत उतरवले की तिथे चाकाचा घेर कमी होतो, आणि समोरच्या बाजूला तेवढी सैल जागा मिळते. तिथून उरलेली कड अलगद आत जाते. हवा भरली की कडा वर सरकून जागेवर बसतात. लोहार धाव मोठी करतो. वेल्चने चाकच लहान केले म्हणा ना!

हे मला ठाऊक असते, तर बी. ए.च्या परीक्षेला माझा अर्धा तास गेला नसता. वाटेत पंक्चर झाले. ट्यूब जोडली, पण टायराचा शेवटचा वीतभर भाग काही केल्या चढेना. स्क्रू ड्रायव्हर घालून जोर केला, तो ट्यूबच फाटली. सायकल ढकलीत दुकान गाठले. तिथल्या पोराने दुसरी ट्यूब घातली, व्हॉल्वच्या समोरून सुरुवात करून दोन्ही हातांनी टायर दाबत दाबत कड नालीत बसवत आणली आणि शेवट व्हॉल्वपाशी नुसत्या अंगठ्यांनी केला. “साहेब, जोर कशाला? मधी ढिला करा की,” तो म्हणाला. त्या दिवशी माझा शेवटचा प्रश्न कोराच राहिला.

व्हॉल्वपाशी शेवट का, तर तिथे ट्यूबचे बूड नालीत अडते आणि कड खाली उतरत नाही. म्हणून ती जागा अखेरीला ठेवायची. मग व्हॉल्व थोडा आत ढकलून पाहायचा, ट्यूब कुठे चिमटली नाही ना याची खात्री करायची आणि नंतरच हवा भरायची.

गुरुजींना एक विनंती. एखादी जुनी रिम वर्गात आणा. एक दोरा नालीतून फिरवा, दुसरा काठावरून, आणि दोन्ही मुलांकडून मोजून घ्या. वर्तुळाचा परीघ तर शिकवून होईलच. शिवाय लांबून सायकलवर येणारे एखादे पोर वाटेत टायर चढवता न आल्यामुळे शाळेला मुकणार नाही.