बारीक माल

भाचीने साखरपुड्यासाठी पावे जडणीची, म्हणजे बारीक हिरे दाटीने बसवलेली अंगठी पसंत केली तेव्हा घरात कुजबुज झाली, की तेवढ्याच पैशांत एक बरा टपोरा खडा आला असता. मला तिची निवड आवडली. मुंबईत ऑपेरा हाउसच्या एका हिऱ्यांच्या कचेरीत मी उमेदीची वर्षं बारीक माल निवडण्यात घालवली. मोठा खडा शेठ स्वतः हाताळायचे. आमच्यापुढे पांढऱ्या कागदावर पडायचा तो चाळणीतून उतरलेला ढीग. १.३ मिलिमीटरचा हिरा म्हणजे जेमतेम एक सेंट, कॅरेटचा शंभरावा भाग. पावे अंगठी उभी राहते ती याच मालावर.

हिऱ्याच्या अंगठीचा इतिहास सांगणारे १४७७ पासून सुरुवात करतात. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला वाङ्‌निश्चयाची अंगठी दिली, वगैरे. राजघराण्याची हौस ती. मला त्याहून रस आहे तो अठराव्या शतकातल्या पॅरिसमधल्या श्ट्रास नावाच्या जवाहिऱ्यात. तोवर युरोपात हिरा जायचा तो मुख्यतः आपल्या गोवळकोंड्याकडून. १७२०च्या दशकात ब्राझीलमध्ये खाणी सापडल्या, माल वाढला, तशी हिऱ्यांनी लखलखायची हौसही वाढली. ज्यांना खरे परवडेनात त्यांच्यासाठी श्ट्रासने शिसं घातलेल्या काचेचे खडे आणले, आणि ते इतके गाजले की १७३४मध्ये तो राजाचा जवाहिऱ्या झाला. हिरा घासायचा म्हणजे वजन जातं, पैसा जातो. काचेचं काय, फटीला हवा तसा खडा घासून बसवावा. म्हणून काचेच्या दागिन्यांत खड्याला खडा असा भिडलेला दिसतो की मधला धातू शोधावा लागतो. दाटीने खडे बसवण्याची कला खऱ्यापेक्षा खोट्यानेच जास्त पुढे नेली, असं मी तरी मानते.

त्या काळी जडण चांदीत व्हायची, पाठ बंद, खाली चमकदार पत्रा. आपल्या कुंदनाचीही पाठ बंदच. पण कुंदनात शुद्ध सोन्याची पट्टी खड्याभोवती ठासतात. पावेत कारागीर आधी छिद्रं पाडतो, प्रत्येक खड्यासाठी बैठक कोरतो, मग टोकदार हत्याराने अंगठीच्याच धातूतून बारीक दाणे उचलतो आणि खड्याच्या कडेवर दाबून गोल करतो. वेगळी पकड नाही, चिकटवण तर नाहीच. झवेरी बाजारच्या माळ्यांवर हे काम करणाऱ्यांत बंगालकडचे कारागीर पुष्कळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लॅटिनम वापरात आलं, तेव्हा दाणा आणखी बारीक करूनही टिकू लागला.

तरीही एवढ्या चिमुकल्या हिऱ्याला घडवायची मजुरी परवडायला हवी ना! पूर्वी अशा खड्याला सतराच पैलू पाडून भागवत. आज सेंटभर हिऱ्यालाही सत्तावन्न पैलू पडतात ते सुरतच्या घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, सौराष्ट्रातून आलेल्या हिरेघासूंच्या हातून. पश्चिम ऑस्ट्रेलियातली अर्गाइल खाण १९८०च्या दशकात सुरू झाली. तिचा बराचसा माल बारीक आणि तपकिरी, दुसरीकडे कुणी फारसा हात लावला नसता असा. १९९०च्या दशकात ती वर्षाला चार कोटी कॅरेटच्याही वर गेली होती. तो माल सुरतेने घासला आणि मुंबईने विकला. साध्या पगारदाराला शंभर खड्यांची अंगठी घेता येऊ लागली, ती या व्यवहारामुळे. जाहिरातीत मात्र प्रेमाचंच नाव असतं. अर्गाइल २०२०मध्ये बंद झाली.

आमच्या गिरगावातल्या घरी आईच्या साखरपुड्यात अंगठी नव्हती. साखरेचा पुडा, साडी, ओटी, झालं. त्यामुळे अंगठीची निवड कशी करावी याचा सल्ला मला आई-आजीकडून मिळायची सोय नव्हती. मी भाचीला कचेरीतलंच शहाणपण दिलं. अंगठी आधी उलटी धर. पाठीमागची छिद्रं सारखी आणि साफ असली तर कारागिराने घाई केलेली नाही. मग रेशमी पदरावरून फिरव. धागा अडकला तर दाणे नीट दाबलेले नाहीत, आणि उद्या खडा तिथूनच निसटेल.

"मावशी, पूर्ण गोल भरलेली घेऊ?" तिने विचारलं. मी नको म्हटलं. बोट जाड-बारीक होतं, आणि चहूबाजूंनी खडे असले की माप बदलणं जवळजवळ अशक्य. अर्धीच भरलेली घे, खालचं सोनं मोकळं राहू दे.

खडे खाणीतले की प्रयोगशाळेत वाढवलेले, हे मात्र मी डोळ्याला आयग्लासचं भिंग लावूनही सांगू शकले नाही. ते काम आता यंत्राचं आहे. तेव्हा बिलावर लिहून घे, म्हटलं.