मरोळ गावाचे फोटो

स्मरणिकेसाठी 'जुनं मरोळ' टिपायचं काम माझ्यावर आलं, कारण ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो टाकणारी मीच. दोन रविवार गावठाणात फिरले. बाहेरून लाकडी जिना असलेली घरं, कौलं, झेंडूच्या माळा घातलेले क्रूस. फोटो छान आले. घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिले, तर प्रत्येकातून मी काहीतरी बाहेर ठेवलं होतं: मेट्रोचा पूल, मागचा टॉवर, एसीचे डबे. असं मरोळ आज नाही, आणि खरं तर आपण शाळेत होतो तेव्हाही नव्हतं.

मरोळ हे साष्टीतलं भातशेतीचं गाव. जवळच, कोंडिवट्याच्या बाजूला, जेझुइट पाद्र्यांनी १५७९ मध्ये सेंट जॉन द बाप्टिस्टचं चर्च बांधलं. पुढे मराठ्यांनी साष्टी जिंकली, मग इंग्रज आले, चर्च चालूच राहिलं. १८४० मध्ये साथ आली तेव्हा मात्र लोक ते सोडून मरोळला आले. वेदी, खांब आणि बाप्तिस्म्याची कुंडी इथल्या नव्या चर्चमध्ये आणली. म्हणजे आपण ज्याला मूळचं समजतो, त्यातलंही काही असं उचलून आणलेलं आहे.

नंतर जमिनी जात राहिल्या. १९४९ मध्ये आरे दूध वसाहत झाली, तिच्यात मरोशीही आली. १९७३ मध्ये सीप्झ झालं आणि जुन्या चर्चचे अवशेष त्याच्या कुंपणाच्या आत गेले. आता ते पाहायचे तर गेटवर परवानगी लागते. मला लागत नव्हती. सीप्झमध्ये मी आठ वर्षं नोकरी केली, गळ्यात पास होता, आणि त्या भिंतींपर्यंत एकदाही चालत गेले नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही फ्लॅटच्या हप्त्यांबद्दल बोलायचो.

गावठाणातली आपली मैत्रीण आठवते ना? पाचवीत तिने उभं राहून धडा वाचला आणि तिच्या हेलावर सगळा वर्ग हसला. मीही हसले. ख्रिश्चन आहे, तिला मराठी कसं येणार, असं आपण धरून चाललो होतो. तिची आजी लुगडं नेसायची आणि घरात मराठीच बोलायची, हे तिच्याकडे नाताळला फुग्या खायला गेल्यावर दिसलं, तरी डोक्यात काही शिरलं नाही. गोवा-मंगळूरकडून आलेल्या ख्रिश्चनांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून १८८७ मध्ये इथल्या लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. नाव इंग्रजी, बोली मराठी. माझे आजोबा साताऱ्याहून आले. वर्गातल्या बहुतेकांची घरं अशीच कुठून कुठून आलेली. मरोळचं मराठी कोणाचं, तर तिचं.

तिसऱ्या रविवारी तिलाच बरोबर घेतलं. पाचवीतला तो तास मी काढला. ती म्हणाली, "विसरले नाही गं. वर्षभर मोठ्याने वाचलं नव्हतं." पुढे काय बोलावं मला सुचेना. तिने माझ्या हातातला फोन थोडा वर उचलला. "टॉवर कापू नकोस. दुपारनंतर आमचं स्वयंपाकघर त्याच्याच सावलीत असतं."

सोबतचे फोटो त्या दिवशीचे आहेत. गल्ली अरुंद आहे, वर केबलच्या वायरी आहेत, क्रुसाला टेकून कोणाची तरी स्कूटर उभी आहे. तिचं घर डावीकडून दुसरं.

एक विनंती. १९९६ च्या आपल्या दहावीच्या ग्रुप फोटोत शेवटच्या रांगेच्या मागे मोकळी जमीन आणि ताडाची दोन झाडं दिसतात. तिथे तेव्हा काय होतं, हे तिला आणि मला दोघींनाही नक्की आठवत नाही. कोणाकडे धड प्रत असेल तर मेळाव्याला घेऊन या. माझ्या प्रतीचा नेमका तोच कोपरा वाळवीने खाल्ला आहे.