मृगातली लू

लांजा तालुक्यात कोट नावाचं एक गाव आहे. झाशीच्या नेवाळकरांचं हे मूळ गाव. म्हणजे राणी लक्ष्मीबाईचं सासर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं. नेवाळकर इथून पेशव्यांच्या चाकरीत देशावर, खानदेशात आणि मग थेट बुंदेलखंडात गेले, झाशीचे सुभेदार झाले आणि पुढे राजे म्हणवले गेले. राणीनं कोट कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. तिचा जन्म काशीचा, बालपण ब्रह्मावर्तातलं आणि संसार झाशीतला. पण जूनच्या मध्यावर कोटच्या शेतांत काय चाललेलं असतं आणि त्याच दिवसांत ग्वाल्हेरच्या माळावर काय चाललेलं असतं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावं असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे.

आपल्याकडे मिरग लागला की माणूस आभाळाकडे बघतो आणि आभाळ सहसा त्याला फार ताटकळत ठेवत नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो, तरवा रुजतो, हिरव्या रोपांचे चौकोन दिसू लागतात. ग्वाल्हेरला तोच पाऊस पोहोचायला जूनचा शेवट उजाडतो. त्यामुळे कोकणात माणसं इरली आणि छत्र्या शोधत असतात, त्या आठवड्यात उत्तरेच्या मैदानात उन्हाळ्याचं शेवटचं आणि सर्वांत कडक टोक चालू असतं. पश्चिमेकडून लू वाहते. हा वारा कोरडा, धुळीचा आणि अंगापेक्षा गरम. आपल्याला वारा म्हटला की गारवा आठवतो. तिथे वारा सुटला की माणसं दारं लावून घेतात. खिशात कांदा ठेवतात, कैरीचं पन्हं पितात, डोकं आणि कान फडक्यानं गुंडाळतात. अंगापेक्षा गरम वारा अंगाला निववत नाही, उलट तापवतो. मग घामाचाच काय तो आधार उरतो, आणि घामाला पाणी लागतं.

1858 सालच्या मे आणि जून महिन्यांत याच वाऱ्यात मराठी माणसं लढत होती. दोन्ही बाजूंनी लढत होती, हे आधीच सांगून टाकतो. राणी, तात्या टोपे, रावसाहेब पेशवे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला सर ह्यू रोजची फौज. तिच्यात गोऱ्या पलटणींबरोबर मुंबई पायदळाच्या 24व्या आणि 25व्या पलटणी होत्या, आणि ग्वाल्हेरला येऊन मिळालेल्या ब्रिगेडियर स्मिथबरोबर 10वी पलटण होती. मुंबईच्या लष्करात कोकणातल्या मराठा, महार, मुसलमान आणि बेने इस्रायली शिपायांची भरती जुनी. दापोली तर पेन्शनर शिपायांचं गावच होतं. त्याच लष्कराची 27वी पलटण 31 जुलै 1857 रोजी कोल्हापुरात उठली. तिची एक तुकडी तेव्हा इथे रत्नागिरीत होती. सत्तावन्नचा उठाव उत्तरेत झाला आणि आपण तो बखरीत वाचला, असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

झाशी एप्रिलच्या सुरुवातीला पडली. राणी काल्पीला गेली, तात्या आणि रावसाहेब तिथेच होते. बांद्याचे नवाब अली बहादुरही बांदा हातचं गेल्यावर तिथे आले. हे नवाब म्हणजे बाजीराव आणि मस्तानीच्या वंशातले. त्यांचे पूर्वज समशेर बहादुर पानिपतच्या लढाईत जखमी होऊन गेले. पेशव्यांच्या रक्ताचा मुसलमान नवाब आणि पेशव्यांच्या दत्तक घराण्यातले रावसाहेब काल्पीत एका छावणीत होते. आपल्या शाळेच्या पुस्तकांत हे एका ओळीत येतं किंवा येतच नाही. मला मात्र ते नेहमी अडवून धरतं.

7 मे रोजी कोंचची लढाई झाली. सावलीत 110 अंश फॅरनहाइट, म्हणजे 43 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान होतं, आणि लढाई काही सावलीत होत नाही. गोरे सोल्जर गोळी न लागता पडू लागले. स्वतः रोजला पुन्हा पुन्हा घोड्यावरून उतरावं लागलं. डॉक्टरांनी त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचं, औषध पाजायचं आणि त्यानं परत घोड्यावर बसायचं. कोंच इंग्रजांनी जिंकलं, पण पळणाऱ्यांचा पाठलाग उन्हामुळे अर्ध्यावर सोडावा लागला.

कोंचची आणखी एक गोष्ट मी हिशेब मांडून काढली आहे. त्या वर्षीचा, हिजरी 1274चा, रमजान एप्रिलच्या मध्यावर सुरू झाला आणि मेच्या मध्यावर संपला. म्हणजे कोंचची लढाई रमजानच्या तिसऱ्या आठवड्याच्या पुढची. प्रवासात आणि लढाईत रोजा सोडण्याची मुभा शरियतनं दिलेली आहे, तो पुढे भरून काढता येतो. पण मुभा असणं आणि मन तयार होणं यांत अंतर असतं, हे रोजा धरणाऱ्या कुणालाही विचारावं. कोकणातल्या मे महिन्यात रोजा धरला की घामानं माणूस भिजतो, तरी समुद्राकडून संध्याकाळी झुळूक येते. बुंदेलखंडात ओठ फुटतात. राणीच्या फौजेतले विलायती पठाण आणि घोडेस्वार शिपाई त्या दिवशी कसे लढले असतील, हा विचार मला लढाईच्या नकाशापेक्षा जास्त काही सांगतो.

उन्हात गोरे टिकत नाहीत हे उठाववाल्यांनी नेमकं हेरलं होतं. त्यांचा एक लेखी हुकूम इंग्रजांच्या हाती लागला आणि रोजनंच त्याची नोंद केली. हुकुमाचा मतलब असा की, हे फिरंगी उन्हात लढले की मरतात किंवा इस्पितळात जातात, तेव्हा सकाळी दहाच्या आत त्यांच्यावर हल्ला करू नये. ऊन चढू द्यावं. मला या हुकुमाचं फार कौतुक वाटतं. तोफा कमी, कवायत कमी, पण या मातीतलं हवामान आपलं आहे, त्याला कामाला लावावं ही अस्सल गावठी अक्कल त्यात आहे. 22 मे रोजी काल्पीजवळ गोलावलीला त्यांनी तसंच केलं. दिवस तापल्यावर नाल्या-घळींतून ते चालून आले. राणी घोडदळाच्या पुढे होती. इंग्रजांच्या तोफांपर्यंत हल्ला पोहोचला होता. उंटांवरून आणलेली ताजी कुमक ऐन वेळी पुढे आली म्हणून डाव उलटला. दुसऱ्या दिवशी काल्पी पडली. रोजला पुन्हा ऊन लागलं होतं. त्यानं आजारपणाची रजा मागितली आणि पुण्याला जाण्याची तयारी केली.

त्या उन्हाळ्याचं मराठीतलं सर्वांत चांगलं चित्र एका भिक्षुकानं काढून ठेवलं आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून 1857 साली उत्तरेत निघाले आणि उठावात सापडले. त्यांचं ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली प्रसिद्ध केलं. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटते. पठाणी वेष, धुळीनं भरलेली, तहानेनं व्याकूळ. गोडसे भटजी पाणी काढायला सरसावतात, तर ती म्हणते की तुम्ही विद्वान ब्राह्मण, मला पाणी काढून देऊ नका, मीच काढते. आणि ती ओंजळीनं पाणी पिते. पुस्तकात लढाया पुष्कळ आहेत. माझ्या लक्षात मात्र ती विहीर राहिली आहे. राज्य गेलेल्या बाईचा तोंडचा घास नव्हे, तोंडचं पाणीही ऊन हिरावून घेत होतं, आणि तरी तिनं रीत सोडली नाही.

मग जूनची पहिली तारीख आली आणि सगळा खेळ बदलला. तात्या, राणी आणि रावसाहेब ग्वाल्हेरवर चालून गेले. शिंद्यांची फौजच त्यांना मिळाली. जयाजीराव शिंदे आग्र्याला पळाले. किल्ला, तोफा, खजिना, शहर सगळं हाती आलं. 3 जूनला फुलबागेत दरबार भरला, पेशवाईची द्वाही फिरली. पुढचे दोन आठवडे ब्राह्मणभोजनं आणि इनामं वाटण्यात गेले, असा ठपका सगळे इतिहासकार ठेवतात. ठपका खरा आहे. पण मला वाटतं, त्यामागे निव्वळ गाफीलपणा नव्हता, एक हिशेबही होता. इतक्या उन्हात इंग्रज काल्पीहून निघणार नाहीत. आणि पंधरा दिवस काढले की पाऊस येईल. पाऊस आला की सिंध, बेतवा, चंबळ भरतील, काळ्या मातीत तोफांची चाकं रुततील आणि चार महिने कुणी हलणार नाही. हा हिशेब पूर्वी खरा ठरलेला होता. 1760च्या पावसाळ्यात यमुनेच्या पुरानं भाऊसाहेब आणि अब्दाली यांना महिनोन् महिने दोन काठांवर बसवून ठेवलं होतं.

पंचांग रोजलाही कळत होतं, फक्त त्यानं ते उलट बाजूनं वाचलं. पावसाच्या आत ग्वाल्हेर घेतलं नाही तर तात्या दक्षिणेकडे सरकेल, आणि पेशव्याचं निशाण मराठी मुलखात पोहोचलं तर तिथे काय होईल ते सांगता येणार नाही, ही त्याची धास्ती. त्यानं रजा गुंडाळून ठेवली आणि 6 जूनला काल्पी सोडली. रात्री चालायचं, दिवसा तंबूत भाजत पडायचं. असं दहा दिवस.

16 जूनला पहाटे तो मुरारजवळ बहादुरपूरला पोहोचला. रात्रभर चाललेली माणसं. तरी ऊन चढायच्या आत त्यानं हल्ला केला आणि मुरारची छावणी घेतली. म्हणजे दहाच्या आतला वेळ त्यानं आपल्याकडे ओढला. 17 तारखेला आग्नेयेकडून आलेला स्मिथ कोटा की सराईला भिडला. तिथे त्याच्या हुसार घोडेस्वारांनी हल्ला केला, आणि परतताना त्यांना खोगिरावर बसवत नव्हतं इतके ते उन्हानं गळाले होते. त्याच झटापटीत राणीला जखमा झाल्या. इंग्रजी कागद 17 जून म्हणतात, आपली परंपरा 18. फुलबागेजवळ बाबा गंगादासांच्या मठाशी घाईघाईनं चिता रचली गेली. 18 तारखेला रोज मुरारहून सुमारे 20 मैल चालून स्मिथला मिळाला. त्या एका मजलेत 86व्या गोऱ्या पलटणीचे शंभर जण उन्हानं डोल्यांत पडले. डोल्या वाहणारे भोई देशीच होते. त्यांच्यातल्या किती जणांना ऊन लागलं हे कुणी मोजलं नाही. 19 तारखेला शहर पडलं, 20 तारखेला किल्ला. किल्ल्याचा दरवाजा फोडणाऱ्यांत मुंबईच्या 25व्या पलटणीचे शिपाई होते.

अख्खा आठवडा कोरडा गेला. कोटच्या शेतांवर एव्हाना पावसाचे दोन-तीन मोठे हात फिरून गेलेले असतात. तोच पाऊस ग्वाल्हेरला आठवडाभर आधी पोहोचला असता, तर? असे प्रश्न इतिहासात विचारू नयेत म्हणतात. मी कवी आहे, मला थोडी सूट असावी. शहर कदाचित चार महिने टिकलं असतं. राणी कदाचित त्या पावसाळ्यात जिवंत असती. याच्यापुढे मी जात नाही, कारण पुढे नाना, बेगम हजरत महल, दिल्ली असे शंभर धागे आहेत आणि ते पावसानं जुळले नसते.

रोज महिनाअखेरीस फौज नेपियरच्या हाती देऊन पुण्याकडे गेला. तात्या पावसाळाभर माळव्यात आणि राजपुतान्यात भरलेल्या नद्यांच्या मधून पळत राहिला. ऑक्टोबरच्या शेवटी तो खरंच नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरला, रोजला जी भीती होती नेमकं तेच. पण तोवर चार महिने उलटले होते. जवळ ना ग्वाल्हेरच्या तोफा होत्या ना ग्वाल्हेरची फौज, आणि नर्मदेच्या दक्षिणेला कुणी उठलं नाही. 18 एप्रिल 1859 रोजी त्याला शिवपुरीला फाशी दिलं. अली बहादुर शरण आले. त्यांना तनखा देऊन इंदूरला ठेवलं. आणि विष्णुभट गोडसे, मिळालेली दक्षिणा लुटीत गमावून, खांद्यावर गंगेची कावड घेऊन वरसईला चालत परत आले.